सातारा एमआयडीसीतले चाचा: आधी पुसतात, मग उघडतात

तेल गळणारी गाडी नेली की बहुतेक ठिकाणी मेकॅनिक खाली वाकतो, चुकचुकतो आणि आकडा सांगतो. एमआयडीसीतल्या या गॅरेजचे चाचा आकडा सांगत नाहीत. ते पोऱ्याला हाक मारतात आणि इंजिन पुसायला लावतात. मला याचा वैतागच आला होता. मी शाळेतून अर्धी रजा टाकून आलेली, आणि इथे चिंध्या, ब्रश आणि डबाभर डिझेल घेऊन इंजिनाची आंघोळ चाललेली. आज चार तारे देतेय ते मुख्यतः त्या आंघोळीचे.

गाडी आमची २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट. ११९७ सीसी, चार सिलिंडर, नव्वद हजार किलोमीटर ओलांडलेली. कोरेगावच्या शाळेत जायला मी वापरते, उरलेल्या वेळी घरच्यांच्या ताब्यात असते. घरचे म्हणजे हे आणि यांचा भाचा. भाचा कराडला मेकॅनिकल डिप्लोमाला आहे, सुट्टीला आमच्याकडे येतो, आणि दोघं मिळून गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ बघायला बसले की जेवायला मारलेली हाक त्यांना ऐकू येत नाही.

पावसाळ्यात पार्किंगच्या फरशीवर डाग दिसायला लागले. सप्टेंबरात नणंदेला कास दाखवायला निघालो तेव्हा यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागलेली, आणि गाडी थांबली की आत जळक्या तेलाचा वास. पळत्या गाडीत वास येत नव्हता. नंतर कळलं की वाऱ्याने तो मागे उडून जात होता. एक्झॉस्टच्या तापलेल्या पत्र्यावर तेल पडत होतंच.

आधी आम्ही घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो. त्याचं नाव इथे घेत नाही, चांगली माणसं आहेत. त्यांनी खालून टॉर्च मारला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तो सांधा तेलाने भिजलेला दिसला. "क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, क्लच प्लेट पण बघून घेऊ," असं म्हणून साडेअकरा हजार सांगितले. क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरता मुख्य दांडा. त्याच्या टोकाशी तेल अडवणारं हे सील दोन-अडीचशेचं, बाकी सगळी उतरवा-चढवीची मजुरी. सील खरोखरच गेलं असेल तर हा खर्च वाजवी आहे. त्याला दुसरा रस्ता नसतो, आणि दुर्लक्ष केलं तर तेल क्लच प्लेटवर जाऊन घाटात क्लच सटकायला लागतो.

आकडा ऐकून यांनी गाडी घरी आणली आणि जाहीर केलं की हे टॅपेट कव्हरचं पॅकिंग आहे, आपण घरी करू.

गंमत म्हणजे निदान बरोबर होतं. चाचांनीही नंतर तेच सांगितलं. माझा राग निदानावर नाही, पुढच्या सगळ्यावर आहे, आणि हे परीक्षण त्याशिवाय लिहिता येत नाही. कारण चाचांचं निम्मं काम आमच्या गाडीचं होतं आणि निम्मं मामा-भाच्यांच्या दुरुस्तीचं.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. त्याच्या कडेने रबरी पॅकिंग असतं. वर्षानुवर्षं तापून ते कडक होतं, त्याचा लवचीकपणा जातो आणि कडेने तेल झिरपतं. नवं पॅकिंग आणायचं, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करायचे, बसवायचं, एवढंच काम. पण त्या रविवारी दुकान बंद होतं, जुनं पॅकिंग "दिसायला चांगलं" होतं, आणि घरात सिलिकॉनची ट्यूब होती. मग जुन्या पॅकिंगवरच गोल फिरवून सिलिकॉन थापलं. चिंधीने पुसलेला पण तेलकटच राहिलेला भाग, त्यावर सिलिकॉन, त्यावर झाकण, आणि अर्ध्या तासात गाडी चालू. चहा होईपर्यंत यांना धीर नव्हता.

थोड्या दिवसांत पुन्हा गळायला लागलं. पुन्हा उघडलं, या खेपेला सिलिकॉन जास्त आणि बोल्ट जास्त घट्ट. झाकणाचे ते बोल्ट दहा नंबरच्या पान्याने फिरणारे, बारीक, सहा एमएमचे. त्यांना लागतो साधारण दहा न्यूटन-मीटरचा जोर, म्हणजे मनगटाचा. भाच्याने लांब दांड्याच्या रॅचेटवर खांदा लावला. हेड, म्हणजे झाकणाखालचा इंजिनाचा भाग, ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा. एका भोकाचे आटे बोल्टाबरोबर वर आले. तिथे त्याने काय केलं ते मला सांगितलं नाही. चाचांना सापडलं: बोल्टाला टेफ्लॉनची पट्टी गुंडाळलेली होती.

तरी गळतंय म्हटल्यावर यांनी जाड तेल आणलं. गाडीला पातळ, ५ डब्ल्यू-३० तेल लागतं, तसं पुस्तिकेत लिहिलंय. यांनी २० डब्ल्यू-५० घातलं, "जाड असलं की झिरपायचं नाही" या हिशेबाने. आणि गळून जातंच आहे तर जरा वरच असू द्यावं म्हणून तेल मोजायच्या काडीवरच्या वरच्या खुणेच्याही वर भरलं. त्यात आमचं घर शाहूनगरला, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर. गाडी तोंड वर करून उभी असते, त्यामुळे काडी खरं सांगतच नाही. सपाटीवर, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबून बघायचं असतं, हे मला चाचांच्या गॅरेजात कळलं. मी इतकी वर्षं गाडी चालवतेय, मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एके दिवशी पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये रांगेत उभी असताना तेलाचा लाल दिवा लुकलुकला. ॲक्सिलरेटर दाबला की विझायचा, सोडला की लुकलुकायचा. घरी सांगितलं तर उत्तर आलं, "तेल तर भरपूर आहे, सेन्सर गेला असेल." हा दिवा तेल किती आहे ते दाखवत नाही, तेलाचा दाब दाखवतो. तेल भरपूर असूनही दाब नसणं ही जास्त वाईट बातमी. मी मात्र कुणाला न विचारता दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने सांगितलेल्या या गॅरेजचा रस्ता धरला. कोडोलीकडून एमआयडीसीत शिरलं की आतल्या गल्लीत आहे, पाटी नाही, समोर वेल्डिंगचं दुकान आहे.

चाचा साठीचे. कमी बोलतात. मी म्हटलं, "चाचा, दिवा लुकलुकतोय आणि तेल गळतंय." त्यांनी विचारलं, "आधी काय झालं? गळती की दिवा?" मी म्हटलं गळती. "मधी कुणी हात लावला?" मी गप्प. "घरातलेच असतील," ते म्हणाले, आणि गाडी आत घेतली. दिवा पेटत असेल तर गाडी चालवत आणायची नाही, बंद करून फोन करायचा, असंही ऐकवलं.

आता आंघोळीचं. तेल नेहमी वरून खाली वाहतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे थेंब जिथून पडतो तिथे गळती असतेच असं नाही. बहुतेक वेळा नसतेच. सगळं इंजिन पुसून कोरडं करायचं, गाडी तापवायची, आणि मग सर्वांत वरची ओली जागा शोधायची. चाचांनी पुसून घेतल्यावर गाडी जागेवर चालू ठेवली आणि टॉर्च घेऊन शांतपणे बघत राहिले. टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून एक ओघळ निघाला, हेडवरून उतरला, आणि जाऊन थांबला नेमका त्या इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावर. मला हाताने दाखवलं. "ह्येच मागचं सील म्हणून सांगितलं आसंल." साडेअकरा हजार तिथे वाचले. पाण्याच्या प्रेशरने ते इंजिन धूत नाहीत. प्लगवरच्या कॉइलमध्ये आणि अल्टरनेटरमध्ये पाणी गेलं की गळतीपेक्षा मोठं काम निघतं, म्हणून डिझेल आणि ब्रश.

इथपर्यंत कुठलाही नीट मेकॅनिक आला असता. पुढचं जे केलं त्यासाठी मी लोकांना त्यांच्याकडे पाठवते.

गाडी चालू असतानाच त्यांनी तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद धरला. तो फुगला. "ह्यो आत ओढला पायजे," म्हणाले. मग समजावलं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीकडे, उतरतोच, नव्या गाडीतही. तो कोंडू नये म्हणून पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याच्यातून तो वायू परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेत, ओढला जातो आणि जळतो. व्हॉल्व्ह तुंबला की आत दाब साठतो, आणि दाब जिथे पॅकिंग कमजोर असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. घाटात इंजिनावर भार पडला की हा वायू वाढतो, म्हणून कासला जाताना वास जास्त. पॅकिंग कितीही वेळा बदला, हा दाब गेला नाही तर पुन्हा गळणारच. एक जागा बंद केली तर दुसरी शोधणार.

व्हॉल्व्ह काढून माझ्या कानाजवळ हलवला. काही आवाज नाही. नवा हलवला तर खडखडला. आतली गोळी मोकळी हलायला हवी, आमची चिकटाने बसून गेली होती. चिकटा का झाला, तर हे गाडी घेऊन बँकेत जातात ते जेमतेम दोन किलोमीटर. इंजिन पुरतं तापत नाही, आत साठलेली वाफ उडून जात नाही, तेलात मिसळते. झाकणाच्या आतून पिवळट-पांढरा थर निघाला तो त्याचाच. त्यात तेल बदलायला उशीर. नवा व्हॉल्व्ह २६० रुपयांचा. बसवल्यावर तोच कागद पुन्हा धरला, तो आत खेचला गेला. तरी त्यांनी सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन दाबतो तो आतला दाब, मोजून घेतलं, रिंगाच झिजल्या असतील तर व्हॉल्व्हने भागत नाही म्हणून. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं निघालं.

मग दिव्याचं. चेंबर उतरवायला हवा म्हणाले, आणि इथे मी पहिल्यांदा शंका घेतली. मला वाटलं, आता बिल वाढवतायत. त्यांनी वाद घातला नाही. टॅपेट कव्हर उघडलेलंच होतं, त्याच्या आतल्या कडेला बोट फिरवलं आणि राखाडी सिलिकॉनचा लोंबता तुकडा तोडून माझ्या हातात दिला. "जेवढं बाहेर दिसतंय तेवढंच आत बी दाबलं जातं. ह्ये तुटून कुठं जाणार?" खाली जाणार, चेंबरमध्ये. चेंबरमधून ऑइल पंप तेल ओढतो ते एका जाळीतून. चेंबर उघडला तेव्हा त्या जाळीवर सिलिकॉनच्या शेवया अडकल्या होत्या. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, पंप हळू फिरतो, ओढ कमी, म्हणून दाब पडत होता आणि दिवा लुकलुकत होता. वर जाड तेल, ते गार असताना त्या अर्धवट जाळीतून आणखीच सावकाश जाणार. पातळी जास्त असल्याने क्रँक तेलात घुसळला जाऊन फेस होतो, तो वेगळाच. अशीच आणखी काही महिने चालवली असती तर बेअरिंगं गेली असती, असं ते म्हणाले. या एका वाक्यावर मी यांच्याशी दोन दिवस कमी बोलले.

यांना बोलावून घ्या असं चाचांनी सांगितलं नाही. मीच शनिवारी दोघांना घेऊन गेले. आणि इथे चाचांचा दुसरा गुण. कुणालाही लाज वाटेल असं ते बोलले नाहीत. भाच्याला स्टुलावर बसवलं, जुनं पॅकिंग हातात दिलं आणि वाकवायला सांगितलं. ते तडकलं. नवं दिलं, ते वाकून सरळ झालं. "डोळ्यानं बघून पॅकिंग कळत न्हाई, वाकवून कळतं." मग त्याच्याकडूनच बसवून घेतलं. हेडवरचं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायला लावलं, ब्लेडने नाही, कारण ॲल्युमिनियमवर चरा पडला तर त्या चरातून पुन्हा तेल. मग ब्रेक क्लीनरने पुसून, हात लावायचा नाही. सिलिकॉन फक्त दोन ठिकाणी, चेन कव्हर आणि हेड जिथे मिळतात त्या सांध्यांवर, वाटाण्याहून कमी. बाकी कोरडं पॅकिंग. प्लगच्या विहिरींच्या रबरी रिंगाही बदलल्या; त्या कडक झाल्या की तेल विहिरीत उतरतं आणि गाडी मिसिंग करते, म्हणजे झटके खाते, आणि लोक प्लग बदलत बसतात.

बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत, ठरलेला जोर लागला की वाजणाऱ्या टॉर्क पान्याने. पाना टक्‌ वाजला तेव्हा भाचा म्हणाला, "एवढंच?" चाचा म्हणाले, "एवढंच." आटे गेलेल्या भोकात नवीन आट्यांची स्प्रिंग बसवली, त्याला वेगळे अडीचशे. गाडी सोमवारी न्या म्हणाले. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने वाळतं आणि पुरतं वाळायला चोवीस तास द्यायचे असतात.

एकदाच ते चिडले. भाचा सहज बोलून गेला की ड्रेन बोल्ट काढायला गाडी जॅकवर घेऊन खाली विटा लावल्या होत्या. चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. वीट दाबाने एकदम फुटते, आधी वाकत नाही, इशारा देत नाही. जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. लोखंडी जॅक स्टँडची जोडी घ्या, नाही तर खाली जाऊ नका, असं त्यांनी दोघांकडे बघून सांगितलं. स्टँड आता आमच्याकडे आहेत.

त्यांचं म्हणणं घरी काही करूच नका असं नाही. तेल आणि फिल्टर, प्लग, एअर फिल्टर, पीसीव्ही, हे करा म्हणाले. फिल्टर बदलताना जुन्याचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना ते बोटाने बघा; दोन रबरं एकावर एक बसली की गाडी चालू करताच तेलाची धार लागते. नव्या रबराला तेलाचं बोट लावा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पाना लावू नका. ड्रेन बोल्टाचा वायसर दर वेळी नवा, वीस रुपयांची वस्तू आहे. काढलेलं तेल गटारात ओतायचं नाही. ते स्वतः पिंपात साठवतात आणि गोळा करणाऱ्याला देतात, आमचं घरचं डबडंही त्यांनी घेतलं.

बिल सांगते, कारण परीक्षणात लोक तेच शोधतात. सुटे भाग आणि तेल मिळून २,८००, मजुरी २,०००, आट्यांचे २५०. एकूण ५,०५०. साडेअकरा हजारांच्या मानाने स्वस्त, पण वेळेवर पॅकिंग आणि व्हॉल्व्ह बदलला असता तर यातले निम्मे लागले नसते. चेंबर उतरवणं, नवं तेल, आटे, हे सगळं घरच्या दुरुस्तीचं बिल. जुने भाग पिशवीत घालून दिले, न मागता.

आता तारा कापला त्याची कारणं. चाचा फोन उचलत नाहीत. अजिबात नाही. हात तेलाचे असतात हे मान्य, पण पोऱ्याला तरी उचलू द्या. दिलेली वेळ पाळत नाहीत. "चारपर्यंत" म्हणजे अंधार पडल्यावर. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितलं तर वहीच्या कागदावर मिळतं. बायकांना बसायला जागा नाही, स्वच्छतागृहाची सोय नाही, मी समोरच्या वेल्डिंगवाल्याच्या घरी गेले. शुक्रवारी दुपारी एक ते अडीच नमाजसाठी बंद असतं, रविवारी पूर्ण बंद. आणि एसीची कामं तिथे नेऊ नका, ते स्वतःच नाही म्हणतात आणि राधिका रोडला पाठवतात.

गळती पूर्ण थांबलीय. पार्किंगमध्ये चाचांनी सांगितल्याप्रमाणे पुठ्ठा घालून ठेवला होता, तो कोरडा निघाला. काडीवरची पातळी हलली नाही, अर्थात ती आता मी कोरेगावच्या शाळेच्या सपाट मैदानावर बघते, शाहूनगरच्या उतारावर नाही. हे आठवड्यातून एकदा गाडी मुद्दाम वाढे फाट्यापर्यंत आणि पुढे हायवेला फिरवून आणतात, इंजिन तापावं म्हणून. निदान कारण तरी तेच सांगतात. येताना मोती चौकातून पेढे आणलेले असतात.

जाणार असाल तर सकाळी साडेनऊच्या आत जा, आणि गाडीला घरी कुणी हात लावलाय ते आधीच सांगून टाका. पुसायचा तास त्याने वाचत नाही, पण उघडायचा वाचतो.